दोन टक्के

४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भावोजी बरे असतील, भाचेकंपनी तुझं डोकं खात असेल. इकडे मी बरा आहे, बाबाही बरे आहेत. पत्रास कारण की… शाळेत असंच लिहायला शिकवलं होतं, आणि त्या कारणाला वेगळे गुण असायचे. ते मला कधीच मिळाले नाहीत. तेव्हा कारण पुढे कुठेतरी येईल, तू वाचत राहा.

पाकीट उघडल्यावर बँकेच्या कागदाबरोबर माझं अक्षर बाहेर आलं म्हणून दचकू नकोस. पाकीट बाबांनीच तयार केलं होतं, वीजबिलाचं जुनं पाकीट उलटं करून, खळ लावून. मी ते खालच्या न्हाव्याच्या दुकानात गरम पाण्याच्या वाफेवर धरून उघडलं. त्याच्याच बाकावर बसून लिहितोय. घरात लिहिलं तर बाबा विचारतात, कुणाचं पेन संपवतोयस. न्हाव्याने विचारलं, "प्रेमपत्र का?" म्हटलं, "बहिणीला आहे." तर म्हणाला, "मग जपून लिही. प्रेमपत्र फाडतात, बहिणी पत्रं ठेवून देतात."

फोन का नाही केला म्हणशील. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. त्यात तुझी काही चूक नाही, आजवर मी फोन केला तो पैसे मागायलाच. या वेळी मागत नाहीये. हे वाक्य हवं तर परत वाच.

घरी येऊन महिना झाला. शीतगृहातलं काम सुटलं. सुटलं म्हणजे मुकादमाने सोडवलं. तिथे खोकी उचलता उचलता मिशीवर बर्फ धरायचा. एकाने चेष्टेत दुसऱ्याची मिशी चिमटीत धरली आणि ती चक्क मोडली, कट् असा आवाज आला. मला हसू आवरेना, हातातलं खोकं पडलं, खोक्यात काय होतं ते सोड. तर आलो घरी.

घर तसंच आहे. दोन खोल्यांना मिळून एक बल्ब. बाबा या खोलीतला काढतात, हातात फडकं घेऊन, आणि त्या खोलीत लावतात. साबणाची चिपटी नव्या साबणाच्या पाठीवर पिल्लासारखी चिकटवलेली. पेस्टची नळी संपली की कात्रीने उभी चिरतात आणि आतून आणखी आठवडाभर काढतात. परवा मी पंखा चालू ठेवून बाहेर आलो तर म्हणाले, "पाहुणे, पंखा काय भिंतीला वारा घालतोय का?" मी घरी आलो की मला पाहुणे म्हणतात, तुला माहीत आहे.

तू हसशील. मीही पहिले काही दिवस हसत होतो. मग लक्षात आलं, दुपारचा चहा बंद आहे. गुडघ्याची गोळी अर्धी मोडून घेतात. विचारलं तर म्हणाले, "अर्धीत भागतं. कंपन्या मुद्दाम मोठी गोळी करतात." चपलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकलाय. ताई, बाबा चिक्कू आहेत हे जुनंच आहे, पण चिक्कू माणसाला आपण वाचवतोय याचा एक आनंद असतो. तो आता तोंडावर दिसत नाही.

पावतीवाला तुला आठवत असेल. रोज संध्याकाळी दारात चप्पल काढून उभा राहायचा. बाबा डेपोतून येऊन हाताचं काळं ग्रीस घासून घासून धुवायचे आणि कोरड्या हाताने त्याला नोट द्यायचे. तो पावती फाडायचा. त्याची पतपेढी बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज द्यायची. आपण कधी सहलीला गेलो नाही, तुझे क्लास झाले नाहीत, माझी सायकल आली नाही, ते सगळं त्या पतपेढीत जाऊन बसलं.

गेल्या वर्षी कुजबुज सुरू झाली की पतपेढी डबघाईला आलीय. गल्ली धावली. मुदतीआधी पैसे काढले तर दोन टक्के कापून घ्यायचे. न्हाव्याने काढले, दूधवाल्याने काढले, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी काढले. दोन टक्क्यांवर पाणी सोडलं आणि उरलेले घरी आणले. बाबाही रांगेत उभे होते. खिडकीपर्यंत पोचले. खिडकीतल्या बाईने कापायची रक्कम चिठ्ठीवर लिहून दाखवली, आणि बाबा ती चिठ्ठी खिशात घालून परत आले. "दोन टक्के काय झाडाला लागतात? मुदत संपायला दोन महिने राहिलेत. सगळे येडे, घाबरून पैसे सोडतायत." हे त्यांनी मला छाती काढून सांगितलं, ताई. सांगता सांगता मध्येच थांबले. कारण पुढचं दोघांनाही दिसत होतं. त्याच महिन्यात शटर खाली आलं ते आलंच.

गल्लीत बुडाले ते एकटे आपले बाबा. कारण दोन टक्के उधळायला तयार नव्हते असेही एकटे तेच.

बरं, तिथे थांबलं असतं तरी म्हटलं असतं, जाऊ दे. पण पावतीवाला अजून येतो. म्हणाला, परताव्याच्या यादीत नाव लावायचं तर फाइलचा खर्च. बाबांनी भरला. मग म्हणाला कसलासा कर. तोही भरला. आता म्हणतो, जुनं खातं जिवंत ठेवायचं तर तेवढीच नवी ठेव दाखवावी लागेल, रोख. मग दोन्ही एकदम हातात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना, तसं. फक्त इथे प्रत्येक पायरी उतरताना बाबा म्हणतात, "एवढे भरले की मागचे सुटतील."

मी पावतीवाल्याच्या घरी गेलो होतो. गचांडी धरायची असं ठरवून गेलो. त्याच्या बायकोने आधी पाणी दिलं, मग चहा. कप हातात असताना गचांडी कशी धरायची?

मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, यातलं काही परत येणार नाही?"

"असं अभद्र बोलू नका हो. माझ्या सासूचे पण त्यातच आहेत."

"मग लोकांकडून आणखी कशाला घेता?"

"वरून सांगतात. पुरेशा लोकांनी भरले की यादी पुढे सरकते."

"वरून म्हणजे कोण?"

त्याने बोट वर केलं. मीही वर पाहिलं. पंखा होता. तोही बंद.

तो चोर असता तर बरं झालं असतं. तो रडायला लागला. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवून घरी आलो.

बाबांशीही बोललो. म्हटलं, "बाबा, गेलं ते गेलं म्हणा आणि झोपा."

"तुझं जाऊन जाऊन तुला सवय झालीय. माझं जात नाही."

आणि तीच गोष्ट आहे बघ. मी इतक्या वेळा घालवलंय, इतक्या गावांत, की गेलेला पैसा मला लांबून पाठमोरा ओळखता येतो. बाबांनी जन्मात काही घालवलंच नाही. गेलेला पैसा कसा दिसतो हे त्यांना कळणार कुठून?

आता कारण. तुझ्यासमोर जो कागद आहे तो बँकेतली ती दुसरी ठेव मोडायचा आहे. आई गेल्यावर तिच्या जागी तुझं नाव लागलं, म्हणून तुझी सही लागते. हे शेवटचं आहे, याच्यामागे काही नाही. पत्रास कारण की, सही करू नकोस.

कागद मीच फाडला असता, पण बाबा पोस्टाची पावती मागतात. माझं नाव सांगू नकोस. भावोजींनी हरकत घेतली म्हण. जावयाला ते काही बोलत नाहीत.

मुलांना पापा.

तुझा भाऊ

—

१९ मार्च, बुधवार

ताई,

सही पोचली. तुझी चिठ्ठीही. "बाबांनी जन्मात एक पैसा वाया घालवला नाही. तू जन्मात एक पैसा वाचवला नाहीस. मी कोणाचं ऐकू?"

खरं सांगू का, तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा सही केली असती. चिठ्ठी वाचून आधी मी हसलो. मग नाही हसलो.

तू बाबांना फोन करून विचारलंस हेही कळलं, आणि त्यांनी काय सांगितलं तेही. धाकट्याला गाळा घेऊन द्यायचाय, तो लाजतो म्हणून उलटसुलट लिहितो. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही ताईशी खोटं बोललात?" तर म्हणाले, "खोटं कुठे? दोन्ही रकमा सुटल्या की तुलाच गाळा घ्यायचाय. असा किती दिवस वाऱ्यावरच्या पिशवीसारखा फिरणार?" हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं, पायाची नखं कापता कापता. यावर माणसाने काय बोलायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, कर भरला. कोणी भरला ते लिहिलं नव्हतं.

मी भरला. त्या दिवशी बाबांचा गुडघा सुजला होता. त्यांनी पैसे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. मोजले नाहीत. तुला आठवतं, लहानपणी दूध आणायला पाठवायचे आणि परत आलो की माझी मूठ उघडून सुट्टे पैसे मोजून घ्यायचे, खिसेही उलटे करायचे? तेच बाबा. म्हणाले, "जा, देऊन ये." बस्स. पावती आण असंही म्हणाले नाहीत. मी ते पुडकं घेऊन रस्त्याने चाललो तर मला कोणीतरी मोठा माणूस झाल्यासारखं वाटत होतं. वाटेत कळत होतं की हे विहिरीत टाकायला चाललोय. तरी नेऊन टाकले. परत येऊन नाही दिले म्हटलं असतं तर बाबांना वाटलं असतं मीच खाल्ले. आणि मला तो एक दिवस तसं वाटू द्यायचं नव्हतं. एवढंच कारण. एवढ्यासाठी त्यांचे तेवढे पैसे गेले.

काल बँकेत गेलो दोघं. खिडकीतली बाई तरुण होती, चष्मा कपाळावर. म्हणाली, "काका, एवढी रक्कम रोख कशाला? खात्यावर ठेवा."

"घरचं काम आहे."

मी तिच्याकडे असं पाहत होतो की बाई, थांबव, काहीतरी नियम काढ, शिक्का नाही म्हण, साहेब नाहीत म्हण. तिने माझ्याकडे पाहिलं. माझे केस, माझा शर्ट. आणि तिने नेमकं उलटं वाचलं. बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "काका, कोणी जबरदस्ती करत नाही ना?"

बाबांना हसू फुटलं. "हा? ह्याला जबरदस्ती जमली असती तर कुठेतरी नोकरीत टिकला असता."

तीही हसली. आणि पैसे दिले.

आता पैसे घरात आहेत, आईच्या शिवणकामाच्या पेटीत. बाबा तिच्यावरच पाय टेकून बसलेत. उद्या दूध आणून झालं की पावतीवाला येणार. आज न्हाव्याच्या फोनवरून तुला लावला होता. भाचीने उचलला. म्हणाली, "मामा का? आई म्हणते मामा असेल तर आई घरी नाही." मी तिला म्हटलं, सांग आईला की महत्त्वाचं आहे. तिने लांबून ओरडून सांगितलं, आणि मग फोन ठेवला गेला. तिचा आवाज किती मोठा झालाय गं. दात आले का पुढचे?

हे पत्र तुला परवा मिळेल. तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणजे याचा काही उपयोग नाही. तरी लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही आणि बाबांकडे पाहवत नाही. ते फार खुशीत आहेत. दुपारचा चहा केला त्यांनी आज. मलाही दिला.

तुझा भाऊ

—

२० मार्च, गुरुवार

ताई,

कालचं आणि हे पत्र बहुतेक एकदमच मिळतील. आधी कालचं वाच.

सोबत बँकेची स्लिप आहे. पैसे तुझ्या खात्यात भरलेत, नंबर सहीच्या कागदावर होता. गाडीभाडं आणि पोटात काहीतरी घालण्यापुरते काढून घेतले. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तू बेरीज करशील आणि म्हणशील, बघा, यातही हात मारला.

सकाळी बाबा दूध आणायला खाली उतरले. गुडघ्यामुळे जिना उतरायला त्यांना वेळ लागतो, म्हणून माझी पिशवी भरायला मला वेळ मिळाला. पेटीला कुलूप नव्हतं. घरात मी असताना बाबांनी पेटीला कुलूप लावलं नव्हतं, हे तुला नीट समजावं म्हणून लिहितोय.

मी मागच्या जिन्याने उतरून गल्लीच्या टोकाला पोचलो आणि तिथेच अडकलो. पाय पुढे जाईनात. मग दूध घेऊन परत वर गेलेल्या बाबांनी खिडकीतून हाक मारली. पाहुणे अशी नाही. लहानपणी खेळातून परत बोलवायला ज्या नावाने हाक मारायचे, त्या नावाने. इतक्या वर्षांत ते नाव कोणी घेतलं नव्हतं. एकदा मारली. मग परत एकदा, थोडी हळू. त्यांना तोवर कळलं नसेल. चहा झालाय, ये, एवढंच असेल. मी वळलो नाही.

पुढच्या गावात बँक उघडेपर्यंत पायरीवर बसलो. खोटं कशाला, ताई, एवढे पैसे मांडीवर घेऊन बसलं की डोकं चालायला लागतं. एक जुना टेम्पो, एक गाळा, समुद्रापलीकडची एक नोकरी जिच्यासाठी एक ओळखीचा नेहमी पैसे मागतो. रांगेत लागल्यावर एकदा बाहेरही पडलो. बाहेर उन्हात थोडा उभा राहिलो. परत जाऊन रांगेत लागलो तर माझी जागा गेली होती, पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं. ते बरंच झालं, तेवढ्यात डोकं थंड झालं.

आता नीट वाच, कारण इथून पुढचं सगळं तुझ्या हातात आहे आणि माझ्या हातात काही नाही.

पैसे तुझ्याकडे आहेत हे बाबांना सांगू नकोस. सांगितलंस तर ते मागतील. त्यांचेच आहेत, तू देशील. आणि त्याच संध्याकाळी पावतीवाल्याच्या हातात जातील. भावोजींनाही सांगू नकोस, त्यांना पोटात काही ठेवता येत नाही. दर महिन्याला थोडे थोडे बाबांना पाठवत जा, तुझ्या पगारातले म्हणून. मुलीचे पैसे परत करतील एकदा-दोनदा, मग घेतील. द्यायला हातात काही उरलं नाही म्हटल्यावर पावतीवालाही पायरी चढायचं सोडेल.

ते मी चोरले असंच बाबांना वाटू दे. मी खूप विचार केला, माझ्या मानाने खूपच केला, पण दुसरं काही सुचलं नाही. पतपेढीने बुडवलेले पैसे त्यांना सोसत नाहीत. ते परत मिळवायला ते अंगावरचा सदरासुद्धा विकतील. पण मी बुडवलेले पैसे ते सोसतात. त्याची त्यांना सवय आहे. चार शिव्या देतील, दोन दिवस जेवणार नाहीत, शेजाऱ्यांना सांगतील की कारटं मुळातच तसलं. आणि मग एक दिवस म्हणतील, गेलं. हा शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्या कशाने निघणार नाही.

हे बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. तू शिकलेली आहेस, तुला याहून शहाणपणाचं काही दिसलं तर ते कर. मला फक्त हेच येत होतं.

बाबांचा फोन येईल, कदाचित हे पत्र पोचायच्या आधीच येऊन गेला असेल. उचलत जा. दोन मिनिटांच्या पुढे बोलायला लागले तर अडवू नकोस, पैसे वाया जातायत असं म्हणू नकोस. माझ्याबद्दल जे बोलतील त्याला हो म्हण. रडले तरी हो म्हण. माझी बाजू घेऊ नकोस, ताई. आजवर कधी घेतली नाहीस, आता घेतलीस तर सगळंच फुकट जाईल.

पत्ता लिहीत नाही, अजून ठरलेला नाही.

तुझा,
उधळ्या भाऊ